टपालाच्या डब्यातली हाक

दाराला घंटा बसवायचा हट्ट तिचाच होता. त्यामुळे पुढचं सगळं आपण स्वतःच्या हातानं ओढवून घेतलं, असं तिला वाटत राहिलं.

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा दाराला नुसती कडी होती. घड्याळ होतं, पण मुक्या गजराचं. झोपलेल्या माणसाला हाक मारायची नाही, असा नियम होता. उठवायचं तर पायाच्या अंगठ्याला हात लावायचा. "आमच्यात असंच," सासूबाई म्हणायच्या, आणि 'आमच्यात' हा शब्द आला की वाद तिथेच संपतो, हे कुठल्याही सुनेला शिकवावं लागत नाही. नवरा हसून सांगायचा, "मला तर मोठा होईपर्यंत वाटायचं, जगात सगळ्यांना पायाकडूनच चालू करतात."

पण कडी वाजवून वाजवून पार्सलवाले परत जाऊ लागले, तेव्हा तिनं घंटा आणली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. न बोलण्याची त्यांची एक पद्धत होती, तीत सगळं ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोक्या जमिनीवर ठोकळे रचत बसला होता. बोक्या म्हणजे तिचा चार वर्षांचा मुलगा. जन्मला तेव्हा डोळे मिटून दुधाला लागायचा, म्हणून हे नाव पडलं ते पडलंच. ती भाजी चिरत त्याच्याकडेच बघत होती. बघत राहणं हा तिचा स्वभावच झाला होता. बोक्यानं हातातला ठोकळा मध्येच थांबवला आणि मान वळवून दाराकडे पाहिलं. ओळखीच्या कोणीतरी बोलावल्यावर पाहावं, तसं.

मग घंटा वाजली. आणि बोक्या दोरी कापल्यासारखा खाली गेला.

ओठ राखाडी झाले होते. तिनं त्याला उचलून हलवलं, पाठ चोळली, काहीबाही ओरडली, आणि घंटा वाजवणारा पार्सलवाला बाहेर तिष्ठत राहिला. जरा वेळानं बोक्यानं डोळे उघडले आणि दूध मागितलं. नवऱ्यानं कोणी न सांगता स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि घंटा काढून टाकली. भिंतीवर दोन भोकं तेवढी राहिली.

डॉक्टर म्हणाले, "फिट वाटत नाही. हृदयाचा आलेख तसा बरा आहे. पण असले आलेख कधीकधी खोटं बोलतात. घराण्यात कोणी तरुणपणी, धडधाकट असताना, एकाएकी गेलंय का? दोन्हीकडे नीट विचारा. मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळेपर्यंत तुमचं काम हेच."

तिच्या माहेरची चौकशी एका फोनात आटोपली. आई म्हणाली, "आमच्याकडे एकाएकी कोणी जात नाही गं. सगळ्यांना कंटाळा आणून, मग जातो."

सासरी मात्र नवऱ्यानं आठवून आठवून सांगितलं, की बाबा आजारानं गेले, आजोबा म्हातारे होऊन, आणि बाकी काही नाही. तो बोलत असताना सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी अर्धवट राहिली.

"आई?" तिनं विचारलं.

"आत्याला विचार," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या तोंडून नको. मी बाहेरून आलेली."

लग्नाला चाळीस वर्षं झालेली बाई स्वतःला बाहेरून आलेली म्हणते, याचंच तिला आधी भय वाटलं.

आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. ऐंशी पार केलेली, काडीसारखी, आणि ठार बहिरी. लहानपणी कान वाहायचे, त्यातच दोन्ही गेले. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची आणि स्वतः मात्र नदीपलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. तिच्या खोलीत खिडकीशी एक खुर्ची, पलंग, आणि पलंगाखाली जपून ठेवलेले रिकामे डबे. पाहुण्यानं उजेडाकडे तोंड करून बसायचं, ही तिची अट.

"तोंड इकडे कर. आणि पुटपुटू नकोस, तुझा नवरा पुटपुटतो. काय हवंय? मला भेटायला कोणी उगाच येत नाही."

मांडीवर पेंगणाऱ्या बोक्याला थोपटत तिनं सगळं सांगितलं. आत्या तिच्या ओठांकडे टक लावून बघत होती. घंटेपर्यंत आल्यावर तिनं हात वर केला.

"आधी मान वळवली?"

हे तिनं डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. भास वाटेल, म्हणून.

"वळवली," ती म्हणाली.

"मग हाक लागली त्याला," आत्या म्हणाली. एरवी खोली दणाणून सोडणारी बाई हे मात्र हळू म्हणाली. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाला तो इतका खाली आणता येतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

मग आत्यानं सांगितलं. तिच्या पाठचा भाऊ शाळेच्या मैदानात रांगेत उभा होता. मान वळवून फाटकाकडे पाहिलं, हसला, आणि मग शाळेची घंटा झाली. तिच्या वडिलांची बहीण गिरणीच्या दारात, भोंगा व्हायच्या जरा आधी "आले, आले" म्हणाली. शेजारच्या बाईनं ऐकलं होतं. "आणि पहिला माझा पणजोबा. आगगाडीत टपालाच्या डब्यात होता. धावत्या गाडीत पत्रं लावायचा, ज्या त्या गावाच्या खणात. त्याला डब्यातच हाक लागली. तिशीही गाठली नव्हती. तेव्हापासून आमच्यात म्हणतात, ज्याला हाक लागते तो आधी वळून बघतो."

"कोणाची हाक, आत्या?"

"ते वळून बघणाऱ्याला माहीत. परत येऊन सांगणारा कोण?" आत्यानं आपले कान चिमटीत धरून हलवले. "माझे हे दोन गेले तेव्हा माझी आई रडली नाही. पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले तिनं. ही वाचली, म्हणाली. आणि बघ, वाचलेय! सगळ्यांना पोचवून बसलेय."

ती हसली नाही. आत्यालाही हसणं अपेक्षित नव्हतं. निघताना आत्यानं तिचं मनगट पकडलं. "मला ती हाक कधी ऐकू आली नाही. पण कधीकधी मान वळते हं माझी. उगाचच. वळते आणि परत येते."

परतताना बसमध्ये तिनं बोक्याला मांडीवर घेतलं आणि त्याच्या दोन्ही कानांवर आपले तळवे ठेवले. "आई, मला समुद्र ऐकू येतोय," तो म्हणाला.

तिला भुताखेतांवर विश्वास ठेवायचा नव्हता. तिला कारण हवं होतं, म्हणजे औषध मागता आलं असतं. डॉक्टरांना काय सांगणार, हाक लागते म्हणून? ती टपाल खात्याच्या जुन्या दफ्तरात गेली, अर्ज केला, खेटे घातले. आत्याचे पणजोबा, म्हणजे नवऱ्याचे खापरपणजोबा, त्यांच्याविषयी एवढंच निघालं: नोकरीला लागले, रेल्वेच्या टपालाच्या डब्यात सॉर्टर झाले, कामावर असताना मृत्यू. कारणाची जागा कोरी. तिथल्या कारकुनानं जांभई देत सांगितलं, "तसला एक डबा जपून ठेवलाय म्हणे, जुन्या रेल्वे शेडमध्ये. हौस असेल तर बघा."

हौस नव्हती, पण दुसरा मार्गही नव्हता. बोक्याला ती सोबत घेऊन गेली. त्याला नजरेआड करायचं तिनं सोडूनच दिलं होतं. अंघोळसुद्धा ती दार उघडं टाकून करायची.

शेडमध्ये तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. छपराच्या काचांतून स्वच्छ दुपारचं ऊन पडलं होतं. डबा ताज्या लाल रंगानं चमकत होता. तिथले व्यवस्थापक टपालातूनच निवृत्त झालेले, गोल पोटाचे, बोलायला माणूस मिळाल्याच्या आनंदात असलेले गृहस्थ होते.

"या, या मॅडम! छोटे साहेब पण आलेत! तिकीट? अहो, राहू दे. इथे माणूस येतो हीच कमाई."

डब्याच्या एका भिंतीला खालपासून वरपर्यंत लाकडी खण होते, कबुतरखान्यासारखे. समोर लांब अरुंद मेज. त्याची कड लोकांच्या पोटांनी घासून गुळगुळीत झालेली. मेजाखाली पाय रोवायला एक लाकडी पट्टी होती, आणि तिच्यात दोन खळगे पडले होते.

"उभ्यानं काम. गाडी हलायची, हे लोक पाय असे फाकवून उभे. पत्ता वाचायला नजर, खणात टाकायला हात. नजर वर जायचीच नाही. हाताला खण पाठ. आमच्यातल्या म्हाताऱ्यांना घरी जेवतानाही भाकरीचे तुकडे लावायची सवय, हा हा!"

बोक्याला खण फार आवडले. जुन्या तिकिटांची एक चळत त्यांनी त्याला खेळायला दिली, आणि तो एकेक तिकीट एकेका खणात टाकू लागला. पट्टीवर चढून. त्याचे पाय त्या दोन खळग्यांत नेमके बसलेले तिनं पाहिले आणि त्याला थोडं बाजूला सरकवलं. तो पुन्हा तिथेच आला.

"आणि हे या डब्याचं खरं नवल." व्यवस्थापकांनी दुसऱ्या बाजूचं रुंद दार उघडलं. बाहेर लोखंडी चौकटीला बांधलेलं जाळं होतं. "लहान गावांना गाडी थांबायची नाही. रुळाकडेला खांबाला टपालाची थैली टांगलेली. भरधाव गाडीतून हे जाळं बाहेर काढायचं, थैली आपसूक आत. धाडकन! एकाची बोटं गेली, एकाचं डोकं फुटलं. लवकर काढलं तर जाळं पुलावर आपटणार, उशीर झाला तर थैली मागे राहणार. म्हणून वेळेवर खबर द्यावी लागे."

ती खण बघत होती. त्यातल्या कुठल्याशा खणापुढे तो माणूस उभा होता, तिशीही न गाठलेला, घरी मूल ठेवून आलेला. त्यानं वर पाहिलं होतं. ज्याची नजर कधी वर जायची नाही, त्यानं.

"तुम्हाला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या घराण्यातले एक जण अशाच डब्यात गेले. घरचे म्हणतात, त्यांना हाक लागली. हाक म्हणजे काय असेल?"

व्यवस्थापक खूश होऊन हसले.

"लागली? अहो मॅडम, हाक लागत नाही. हाक वाजते! या घंटेलाच आम्ही हाक म्हणायचो!"

त्यांचा हात छताशी लोंबणाऱ्या दोरीकडे गेला. त्याच वेळी तिनं पाहिलं, बोक्यानं तिकीट हातात थांबवलं होतं. त्यानं मान वळवली होती. घंटेकडे नाही, त्या उघड्या दाराकडे, जाळ्याच्या पलीकडे, जिथे शेडची रिकामी जमीन होती. त्याच्या चेहऱ्यावर हसू येत होतं.

"नको!" ती ओरडली.

दोरी ओढली गेलीच. घंटा खणांच्या कडेलाच बसवलेली, बोक्याच्या डोक्यापासून हातभर अंतरावर होती. जुन्या काशाची, चाकांच्या खडखडाटावर मात करायला ओतलेली.

बोक्या पट्टीवरून खाली घसरला. तिकिटं त्याच्याभोवती पसरली. या वेळी तो दूध मागायला उठला नाही. तिनं त्याच्या तोंडाशी गाल नेला, काही नाही. मग तिनं त्याला पाठीवर सरळ केलं, आणि पोटुशी असताना कंटाळत कंटाळत रबरी बाहुलीवर शिकलेलं सगळं तिच्या हातांना आठवलं. ती छाती दाबत राहिली. व्यवस्थापक रडवेल्या आवाजात फोनवर पत्ता सांगत होते, "अहो, जुनी शेड... लहान मूल... मी नुसती हाक दिली हो, मी नुसती हाक दिली..."

ती दाबत राहिली. मध्येच तिला वाटलं, दारापाशी कोणीतरी अंग चोरून, वाट बघत उभं आहे. तिनं तिकडे पाहिलं नाही.

बोक्या खोकला.

मोठ्या डॉक्टरीणबाईंची वेळ आता मागावी लागली नाही. बोक्याला तारा लावून, पडद्यावर चालणाऱ्या हिरव्या रेघेखाली निजवलं होतं. तिथे मोबाइल बंद ठेवायचे होते. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. या बाई घाईत नसतात, हे बघूनच तिला धीर आला.

"तुमच्या घराण्याला हाक लागत होती ना, तिला आमच्यात आजार म्हणतात," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हावं लागतं. यांच्या हृदयाला तयार व्हायला जरा जास्त वेळ लागतो. त्या वेळात एकदम मोठा आवाज झाला, की ताल चुकतो. घंटा, भोंगा, गजर. आई-वडिलांकडून मुलांत येतो. काहींना जन्मभर काही होत नाही, काहींना पहिल्याच वेळी होतं. कोणीतरी तुमच्या घरात घंटा लावायची नाही असं ठरवलं, त्यानं बरेच जीव वाचवले. आता गोळ्या आहेत. तुमच्या मिस्टरांचीही तपासणी करू, ते खाली आहेत ना?"

"आहेत."

तिला रडू आलं. त्या डब्यातला माणूस, शाळेतला भाऊ, गिरणीच्या दारातली ती बाई, सगळ्यांना एका क्षणात कारण मिळालं. भूत नव्हतं. हृदय होतं. घरच्यांनी घंटेचं नाव तेवढं लक्षात ठेवलं, आणि घंटा विसरले.

"एक विचारू? तो आवाजाच्या आधी वळून बघतो. सगळेच बघायचे म्हणे."

डॉक्टरीणबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "असं वाटतं. एवढा धक्का बसला की मन घटना पुढेमागे करून ठेवतं. आवाज आधीच झालेला..."

बोक्यानं उशीवर मान वळवली. दाराकडे. पडद्यावरची हिरवी रेघ, जी आतापर्यंत ठरावीक चालीनं चालली होती, ती अडखळली. तिचे सुळके रुंद झाले, एकमेकांत घुसले.

मग बाहेर कोणाच्या तरी हातून स्टीलचं भांडं फरशीवर पडलं.

दोघी पडद्याकडे बघत होत्या. रेघ हळूहळू सावरली. डॉक्टरीणबाई उठल्या, यंत्रातून निघालेला कागद त्यांनी हातात घेतला, आणि भांड्याचा आवाज कुठे झाला असेल ते बोटानं शोधू लागल्या. बोट मागे गेलं. अजून मागे गेलं.

"त्याला कोणी हाक मारली का आत्ता?" त्यांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

त्यांनी कागदाची घडी केली. औषध वाढवून लिहिलं, नर्सला समजावलं, आणि जाताना दार स्वतःच्या हातानं, अजिबात आवाज न करता लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आल्या. त्यांनी बोक्याचा अंगठा पांघरुणावरून धरला आणि तशाच बसून राहिल्या. "मी तुला घंटा लावू द्यायला नको होती," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं असतं तरी मी हसले असते, आई."

"हसली असतीस, पण लावली नसतीस." पांघरूण सारखं करत त्या म्हणाल्या, "शाळेत कोसळला तो माझा दीर मी पाहिला नाही. पण तुझे सासरे सांगायचे, त्या दिवशी आपण रांगेत त्याच्या मागेच होतो. त्याचा खांदा धरायला हात पुढे केला, आणि मग वाटलं, मास्तर ओरडतील. म्हणून धरला नाही. मरेपर्यंत तेच सांगायचे, फक्त मला."

औषध नसांत उतरलं होतं. रेघ शांत चालली होती. बोक्या अर्धवट झोपेत होता. तिचा तळवा त्याच्या छातीवर होता, आणि तिला त्याच्या हृदयाचं ते उशिरा तयार होणं हाताला कळतंय असं वाटत होतं.

त्याची मान वळली.

खोलीत चिडीचूप होतं. बाहेरही. अजून काहीच वाजलं नव्हतं, आणि आता काहीतरी वाजणार, हे तिला तहानेइतकं स्पष्ट कळलं. बोक्याचे डोळे बंद दारावर होते. ओठ विलग झाले होते. गिरणीच्या दारातली ती बाई "आले, आले" म्हणाली होती, तसंच काहीतरी त्यांच्यावर येऊ घातलं होतं.

"आई, मला..."

ती उठली. पलंग आणि दार यांच्या मध्ये उभी राहिली, दाराकडे तोंड करून, आणि शाळेत हजेरी घेताना देतात तशा खणखणीत आवाजात तिनं उत्तर दिलं.

"ओ!"

सासूबाईंनी दचकून वर पाहिलं. बोक्यानं आईच्या पाठीकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं.

"तुला नाही गं बोलावलं!"

"मलाच बोलावलंय," ती म्हणाली. "तू झोप."

बाहेर टेबलावरचा फोन कर्कश वाजू लागला. तिनं पडद्याकडे पाहिलं. रेघ आपल्या चालीनं चालली होती, सुळक्यामागून सुळका, एकसारखा. बोक्यानं जांभई दिली आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

ती पुन्हा त्याच्याजवळ बसली आणि हात त्याच्या छातीवर ठेवला. फोन थांबला. पावलं आली. दार अर्धवट उघडून नर्सनं डोकं आत घातलं.

"छोट्याची आई कोण? तुमचा फोन आहे."

"खालून नवऱ्याचा असेल," सासूबाई म्हणाल्या. "रिपोर्ट आला असेल त्याचा."

"नाव नाही सांगितलं," नर्स म्हणाली.

तिनं बोक्याच्या छातीवरचा हात सावकाश उचलला, तिथे सासूबाईंचा हात ठेवला, वरून दाबला. मग ती दाराकडे निघाली.